देव प्रीती आहे, मग न संपणारी शिक्षा कशी?

ताई, तुमच्या प्रश्नाचा गाभा असा. आजी गेली. ती आयुष्यभर माळकरी, एकादशी न चुकवणारी. तुमच्या आईवडिलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हाही तिने घर तोडलं नाही, लेकीकडे येत-जात राहिली. ती गेल्यावर घरी प्रार्थनेला आलेल्या एका प्रचारकाने आईला सांगितलं की म्हातारीने ख्रिस्ताला स्वीकारलं नव्हतं, ती आता सार्वकालिक अग्नीत आहे आणि तिथून सुटका नाही. तेव्हापासून आईचं जेवणात लक्ष नाही. तुम्ही विचारता की ‘देव प्रीती आहे’ असं योहान आपल्या पहिल्या पत्रात लिहितो, मग तोच देव कुणाला कधीच न संपणारी शिक्षा कशी देईल?

मी पाळक म्हणून मंडळ्या सांभाळल्या, पुढे ईश्वरविज्ञान शिकवलं, आणि हा प्रश्न मला वर्गापेक्षा मयताच्या घरी जास्त वेळा विचारला गेला. म्हणून उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. जिचा काही हेतूच उरलेला नाही, जी फक्त चालू राहते, अशी शिक्षा प्रेमाशी जुळत नाही. ती जुळवण्याचे मोठमोठ्या माणसांनी केलेले प्रयत्न मी अभ्यासले आहेत आणि त्यांतला एकही मला पटलेला नाही. न्याय मात्र प्रेमाशी जुळतो, अगदी कठोर न्यायसुद्धा. आणि आजी कुठे आहे हे जाहीर करण्याचा अधिकार त्या प्रचारकाला नव्हता.

तुमच्या आईसारखी रडलेली माणसं इतिहासात नोंदलेली आहेत. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस बॅसिलिकात ज्यांचं शव ठेवलेलं आहे ते कॅथलिक मिशनरी फ्रान्सिस झेवियर एप्रिल १५४९ मध्ये गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्टला जपानमधल्या कागोशिमाला उतरले. दोन वर्षांहून अधिक काळ ते त्या देशात होते. परत आल्यावर २९ जानेवारी १५५२ रोजी कोचीनहून त्यांनी युरोपातल्या आपल्या संघबंधूंना एक लांब पत्र लिहिलं. जपानमधल्या यामागुची शहराच्या लोकांनी काय काय विचारलं ते त्यात आहे. देव दयाळू आहे तर तुम्ही येईपर्यंत तो आम्हाला का भेटला नाही? आमचे पूर्वज त्याला ओळखत नव्हते म्हणून नरकात गेले, तर हा देव चांगला कसा? झेवियरनी उत्तर दिलं की खून करू नये, चोरी करू नये ही देवाची आज्ञा माणसाच्या मनात जन्मापासूनच असते, त्यासाठी कुणी परदेशातून येऊन सांगावं लागत नाही. ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं त्याने समाधान झालं, असं ते लिहितात.

पण ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांचं दुःख वेगळं होतं. त्यांना आपले मेलेले आईबाप, बायको, मुलं आठवत. आम्ही प्रार्थना केली, दानधर्म केला तर त्यांना काही मदत होईल का, देव त्यांना तिथून काढणार नाही का, असं ते विचारत. काही उपाय नाही, असं झेवियर सांगत. ती माणसं रडत राहत. हे पाहून, ज्याला उपाय नाही अशा गोष्टीसाठी माझे लाडके मित्र रडतात याचं मलाही वाईट वाटतं, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलं आहे.

हे पत्र मी विद्यार्थ्यांना नेहमी वाचायला देत असे. झेवियर कठोर माणूस नव्हते, नाहीतर त्यांनी ते दुःख लिहिलंच नसतं. त्यांना जी शिकवण मिळाली होती तिच्या चौकटीत त्या अश्रूंना जागा नव्हती, एवढंच. पण बघा, जपानी ख्रिस्ती लोक अविश्वासाने रडत नव्हते. ज्या देवाने हरवलेल्यांसाठी स्वतःचा पुत्र दिला त्याच्याविषयी त्यांनी नुकतंच ऐकलं होतं आणि ते त्यांना खरं वाटलं होतं. तो देव आपल्या आईला शोधायला जाणार नाही, हे त्यांना पटत नव्हतं. माझ्या मते त्यांना सुवार्ता नीट कळली होती.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये मान्य केलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाला धरून जगतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. झेवियरच्या पत्रानंतर चारशे बारा वर्षांनी. आपण प्रोटेस्टंट मंडळीतले, त्या परिषदेला बांधलेले नाही. पण मराठी ख्रिस्ती माणसाला हे समजायला रोमपर्यंत जाण्याची गरज नव्हती. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये झाला, आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असं ते उघडपणे सांगत. टिळकांना ख्रिस्तापर्यंत पोचवणारे तुकोबा स्वतः मात्र कायमचे बाहेर, असं म्हणायला निदान माझी जीभ रेटत नाही. तुमच्या आजीची माळही त्याच परंपरेतली.

आता कारणांकडे येतो. यातलं पहिलं उत्तर तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल: पाप छोटं असलं तरी ते अनंत देवाविरुद्ध केलेलं असतं, म्हणून त्याची शिक्षाही अनंत. अकराव्या शतकातल्या अन्सेल्म या ख्रिस्ती विचारवंताने पापाचं वजन देवाच्या थोरवीवरून मोजलं, पुढे थॉमस अक्वायनसने या विचाराला घट्ट रूप दिलं. युरोपातल्या सरंजामी समाजात हे स्वाभाविक वाटलं असेल, कारण तिथे शेतकऱ्याला मारलेली चपराक आणि राजाला मारलेली चपराक हे सारखे गुन्हे नव्हते. आपल्याला हा हिशेब ओळखीचा आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ब्राह्मणाने क्षत्रियाला शिवी दिली तर ५० पण (त्या काळचं नाणं) दंड, वैश्याला दिली तर २५, शूद्राला दिली तर १२. शिवी तीच, ज्याला दिली त्याच्या पायरीवरून दंड. खालच्याने वरच्याला शिवी दिली तर तो किती चढत जातो ते त्याच्याच आधीच्या श्लोकात आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळला गेला तेव्हा हे तत्त्वच जाळलं गेलं. नगर जिल्ह्यातल्या आणि मराठवाड्यातल्या आपल्या मंडळ्यांतली बहुसंख्य घरं महार-मांग समाजातून आलेली. त्या घरांतल्या माणसांना मी व्यासपीठावरून सांगायचं, की देवाच्या दरबारातही अपराधाचं वजन समोरच्याच्या दर्ज्यावरून ठरतं? आणि हे त्या येशूच्या नावाने, ज्याने आपला दर्जा सोडून दासाचं रूप घेतलं, असं पौल फिलिप्पैकरांना लिहितो? हे उत्तर मी पूर्णपणे नाकारतो.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे. देव कुणाला नरकात टाकत नाही, माणूस स्वतः दार लावून घेतो, आणि प्रेम जबरदस्ती करत नाही म्हणून देव ते दार फोडत नाही. १९९२ साली निघालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही नरकाची व्याख्या अशीच आहे, देवापासून माणसाने स्वतःच स्वतःला कायमचं दूर केल्याची अवस्था. हे मला पुष्कळ अंशी खरं वाटतं, कारण मी अशी माणसं पाहिली आहेत. दारूने संसार उद्ध्वस्त झालेला एक माणूस, बायको-मुलं हात जोडून उभी, आणि हा म्हणतो, मला कुणाची गरज नाही. माफी मागण्यापेक्षा एकटं मरणं त्याने पत्करलं. माणूस प्रेमाला नाही म्हणू शकतो याविषयी मला पुरावा नको.

पण ‘नाही म्हणू शकतो’ यापासून ‘अनंतकाळ नाहीच म्हणत राहील आणि देव ते मान्य करून थांबेल’ इथपर्यंत उडी कशी मारायची? त्या माणसाचा नकार मोकळ्या मनाचा नव्हता. तो लाजेचा, व्यसनाचा, लहानपणी खाल्लेल्या माराचा होता. चांगलं काय ते स्वच्छ दिसत असताना, कुठलंही ओझं नसताना जो माणूस कायमच्या यातना निवडतो त्याला आपण स्वतंत्र म्हणणार नाही, आजारी म्हणू. आणि आजाऱ्याचं म्हणणं ऐकून वैद्याने निघून जावं हे प्रेम नव्हे. या अडचणीसाठी अक्वायनसने म्हटलं की मृत्यूनंतर माणसाची इच्छा गोठते, मग ती बदलत नाही. का गोठते? शरीर सुटलं म्हणून देवाचा हात आखूड होतो का? लूकच्या पंधराव्या अध्यायातला मेंढपाळ हरवलेलं मेंढरू सापडेपर्यंत शोधतो. त्या दाखल्यात ‘अंधार पडेपर्यंत’ असं म्हटलेलं नाही. प्रेषितांच्या मतांगीकारात आपण दर रविवारी म्हणतो की ख्रिस्त अधोलोकात उतरला, आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात तो तिथल्या बंदिवान आत्म्यांना घोषणा करतो. मृत्यू ही ख्रिस्ताच्या कामाची हद्द आहे असं नव्या कराराला वाटत नसावं.

विरुद्ध बाजूची वचनं मी लपवणार नाही. त्याच लूकच्या सोळाव्या अध्यायात श्रीमंत आणि लाजर यांच्यामध्ये न ओलांडता येणारी दरी आहे. मार्कच्या नवव्या अध्यायात न विझणारा अग्नी आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटी एका गटाला सार्वकालिक शिक्षा आणि दुसऱ्याला सार्वकालिक जीवन, दोन्हींना एकच विशेषण. ऑगस्टीनने पाचव्या शतकात यावरच बोट ठेवलं: जीवन न संपणारं असेल तर शिक्षाही न संपणारी. त्या शब्दावरून विद्वानांचे वाद अजून चालू आहेत. शब्दकोशाने हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही, म्हणून मी त्यात शिरत नाही. पण पौल त्याच जोमाने उलटही लिहितो. आदामात जसे सर्व मरतात तसे ख्रिस्तात सर्व जिवंत केले जातील. देवाने सर्वांना आज्ञाभंगात कोंडलं, ते सर्वांवर दया करावी म्हणून. शेवटी देव सर्वांत सर्वकाही होईल. दोन्ही सूर पवित्र शास्त्रात आहेत. जो प्रचारक एकच सूर वाचून दाखवतो तो अर्धं शास्त्र झाकून ठेवतो.

त्या पंचविसाव्या अध्यायाविषयी मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण तोच तुमच्या आईच्या तोंडावर फेकला गेला असणार. तिथे डाव्या बाजूला कोण उभे आहेत ते वाचा. ज्यांनी भुकेल्याला खायला दिलं नाही, परक्याला घरात घेतलं नाही, तुरुंगातल्याला भेटायला गेले नाहीत, ते. चुकीचा धर्म हा त्यांच्यावरचा आरोप नाही. ते तर ‘प्रभू’ म्हणूनच हाक मारतात. उजवीकडच्यांना आपण कुणाची सेवा केली हे माहीतसुद्धा नव्हतं. धर्म बदललेल्या मुलीला दार उघडं ठेवणारी तुमची आजी या दाखल्यात कोणत्या बाजूला शोभते, ते आईला शांतपणे विचारा. येशूची नरकाविषयीची कडक बोलणी बहुतेक वेळा स्वतःला आत समजणाऱ्यांना उद्देशून आहेत. आपण ती उलटी फिरवून बाहेरच्यांवर रोखली.

यिर्मयाचं पुस्तकही उघडा. येशू ‘गेहेन्ना’ या ज्या नावाने नरकाविषयी बोलतो ते यरुशलेमच्या दक्षिणेच्या हिन्नोम खोऱ्याचं नाव आहे. त्या खोऱ्यात यहूदाचे लोक आपल्या पोटच्या मुलांना अग्नीत बळी देत, आणि योशीया राजाने ती जागा भ्रष्ट करून टाकली. यिर्मयाच्या सातव्या अध्यायात देव त्या प्रथेविषयी म्हणतो की हे मी सांगितलं नव्हतं, माझ्या मनातही कधी आलं नव्हतं. लेकरं जाळणं ज्याच्या मनातही येत नाही, त्याच्यावर आपण स्वतःची लेकरं अनंतकाळ जाळण्याचा आरोप ठेवतो आणि त्याला भक्ती म्हणतो. पुढे एकतिसाव्या अध्यायात प्रेतांचं आणि राखेचं ते सगळं खोरं परमेश्वराला पवित्र होईल असं वचन आहे. बहुतेक अभ्यासक ते हिन्नोमचंच खोरं मानतात. मी व्यासपीठावरून नरकाविषयी बोललो तेव्हा हे दोन अध्याय जोडीने वाचले.

एक आक्षेप मला सर्वांत जास्त टोचतो, आणि तो तत्त्वज्ञांकडून आलेला नाही. एका खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईने तो घेतला होता. सगळेच शेवटी देवाजवळ जाणार असं मी उपदेशात म्हटलं होतं. ती नंतर म्हणाली, पाळकसाहेब, ज्यांनी माझ्या बापाला विहिरीवर मारलं तेही तिथे माझ्या शेजारी बसणार का? तिच्यासाठी नरक ही क्रूर कल्पना नव्हती. या जगात पोलीस पाटलाने, पंचांनी, कुणीच जाब विचारला नाही, तर कुणीतरी विचारेल, एवढाच तिचा आधार होता. सुखात वाढलेल्या माणसाने प्रेमाच्या नावाखाली तो काढून घेऊ नये. न्यायाशिवाय दिलेली क्षमा म्हणजे पीडितालाच पुन्हा गप्प बसवणं.

तिला जे उत्तर मी दिलं ते मला निस्साच्या ग्रेगरीकडून मिळालं होतं. ग्रेगरी चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या कप्पदुकिया प्रांतात निस्साचा बिशप होता. बायबलातल्या उपदेशकाच्या पुस्तकावर बोलताना त्याने गुलामगिरीवर जो हल्ला चढवला तसा प्राचीन जगात दुसरा क्वचितच सापडेल: देवाची प्रतिमा असलेल्या माणसाची किंमत तू किती नाण्यांत ठरवलीस, असं तो मालकांना विचारतो. आणि सर्व माणसं, अगदी शेवटचा माणूसही, देवाकडे परत येतील असं ठामपणे मानणाराही तोच. आपली बहीण मॅक्रीना मरणशय्येवर असताना तिच्याशी झालेला संवाद त्याने लिहिला आहे आणि ही शिकवण त्यात तिच्याच तोंडी आहे. ग्रेगरी अग्नी नाकारत नाही. सोनं मुशीत घातल्यावर भेसळ जळते आणि सोन्यालाही ती आग सोसावी लागते, तसा तो अग्नी. ज्याच्यात भेसळ जास्त त्याला तो जास्त वेळ आणि जास्त भाजतो. ज्याच्या विचारांचा त्याच्यावर प्रभाव होता त्या आधीच्या शतकातल्या ओरिजेनचं नाव ५५३ च्या कॉन्स्टंटिनोपल परिषदेत दोषी ठरवलेल्यांच्या यादीत आलं, पण ग्रेगरीला चर्चने कधीही दोषी ठरवलं नाही, तो आजही संत आहे.

म्हणून मी त्या बाईला म्हटलं, तो माणूस जसा होता तसा तुझ्या शेजारी बसणार नाही. आधी त्याला तुझ्या बापासमोर उभं राहावं लागेल. आपण काय केलं ते त्याला तुझ्या बापाच्या डोळ्यांनी पाहावं लागेल, सगळं, एकही मार न गाळता. त्याहून भयंकर आग मला माहीत नाही. त्यातून जो बाहेर येईल त्याला तू ओळखायचं की नाही, हे तुझ्या बापाला आणि ख्रिस्ताला ठरवू दे. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, बापासमोर उभा राहिला तर चालेल. अशी शिक्षा प्रेमाशी जुळते, कारण तिच्यातून काहीतरी व्हायचं असतं: पीडिताचं सत्य मान्य व्हायचं असतं आणि अपराध्यातला अपराध मरायचा असतो. ज्ञानदेवांनी पसायदानात खळ नष्ट व्हावेत असं मागितलं नाही, त्यांची व्यंकटी सांडो असं मागितलं, ते याच कुळातलं मागणं आहे.

काही इव्हॅंजेलिकल अभ्यासकांनी तिसरा मार्ग काढला आहे: दुष्ट अनंतकाळ यातना भोगत नाहीत, शेवटी त्यांचं अस्तित्वच संपतं. इंग्लंडमधले जॉन स्टॉट यांनी १९८८ मध्ये या मताकडे आपला कल असल्याचं जाहीर केलं तेव्हा मोठी खळबळ उडाली. यातनांपेक्षा हे बरं. पण यातही देव शेवटी काही लेकरं गमावतो, आणि विहिरीवर त्या बाईच्या बापाला मारणाऱ्यालाही जाब न देताच संपून जाता येतं.

तुम्ही शेवटी विचारलंत की हा पेच फक्त ख्रिस्ती धर्मातच आहे का. तसं नाही, पण आपल्याकडे तो सर्वांत तीव्र आहे. भारतीय परंपरांत नरक बहुधा मुदतीचा, कर्मफळ संपलं की सुटका. अपवाद द्वैतमत मांडणाऱ्या मध्वाचार्यांचा. त्यांच्या मते काही जीव स्वभावतःच तमाला योग्य, त्यांना अंधतमसातून, म्हणजे कायमच्या अंधाऱ्या नरकातून, सुटका नाही, आणि महाराष्ट्रात माध्व घराणी आहेत तिथे हे अभ्यासलंही जातं. पण मध्वांचे जीव अनादि आहेत, देवाने ते निर्माण केलेले नाहीत, म्हणून त्यांच्या स्वभावाचा दोष त्याच्यावर येत नाही. आपला देव शून्यातून निर्माण करतो, पुढचं सगळं ठाऊक असताना. अनंत यातनांतच संपणार हे माहीत असून त्याने एखादा जीव घडवला असेल, तर त्या निर्मितीला चांगलं म्हणता येत नाही. निर्मितीला चांगलं म्हणणं हे तर उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायातलं आपलं पहिलं विधान आहे.

मग सुवार्ता कशाला सांगायची, असं तो प्रचारक तुम्हाला विचारेल. मलाही पुष्कळांनी विचारलं. त्यांना मी उलट विचारलं, नरकाची भीती उद्या काढून टाकली तर ख्रिस्ताजवळ राहण्याचं तुमच्याकडे दुसरं एकही कारण उरत नाही का? आणि सर्वांचं तारण होणारच अशी हमी मी देत नाही, हेही लक्षात घ्या. नकाराची शक्यता मी खरी मानतो. मी आशा धरतो आणि त्या आशेने प्रार्थना करतो, कारण सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे असं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे, आणि देवाच्या इच्छेविरुद्ध प्रार्थना करायला मला कुणी शिकवलेलं नाही.

आईसाठी एवढं करा. त्या प्रचारकाशी वाद घालायला तिला लावू नका. संध्याकाळच्या प्रार्थनेत आजीचं नाव मोठ्याने घ्या. आपल्या मंडळीत मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत असं कुणी म्हटलं, तर आपण तिच्याबद्दल देवाचे आभार मानतो आहोत असं सांगा, तेवढ्याला कुणाची हरकत नसते. लूक पंधरा, यिर्मया सात आणि एकतीस, मग करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय, असं क्रमाने, रोज एक, आईबरोबर वाचा. मत्तय पंचवीस शेवटी ठेवा, आणि तो तिलाच वाचू द्या. घरातल्या लहान मुलांसमोर आजी आणि आग हे दोन शब्द पुन्हा एकत्र येऊ देऊ नका. एवढं करूनही आईचं जेवण सुरू झालं नाही तर तिला डॉक्टरांकडेही न्या, दुःख शरीरालाही धरतं. आणि तिला माझ्याशी बोलावंसं वाटलं तर मी येईन.